लेजंड ऑफ ग्रिमरॉक: भुयारात पहिल्यांदा उतरताना

ग्रिमरॉक नावाचा डोंगर. त्याच्या माथ्यावर चार कैदी आणले जातात, राजाच्या नावानं त्यांचे गुन्हे माफ होतात आणि लगेच त्यांना एका खोल खड्ड्यात ढकललं जातं. जिवंत बाहेर पडलात तर सुटलात. अंगावर धड कपडे नाहीत, हातात शस्त्र नाही, आणि बाहेरची वाट डोंगराच्या पोटातून खाली, मजल्यामागून मजला उतरत जाते. गोष्ट एवढीच आहे. गेम सुरू झाल्यावर कुठे जा, कुणाला भेटा, काय आणा असं कुणीही सांगत नाही. पडद्यावर बाण नाही, कामांची यादी नाही.

फिनलंडच्या ऑलमोस्ट ह्यूमन या छोट्या स्टुडिओनं हा गेम एप्रिल 2012 मध्ये विंडोजसाठी काढला. स्टीम आणि गॉग या दोन्ही दुकानांत तो मिळतो, आणि आजच्या साध्या लॅपटॉपवरही विनातक्रार चालतो. जुन्या धाटणीच्या डंजन क्रॉलरची, म्हणजे भुयारात उतरून लढायच्या आणि कोडी सोडवायच्या गेमची, ओळख करून घ्यायची असेल तर मी प्रत्येकाला आधी हाच सुचवतो. 1981 चा विझार्ड्री किंवा 1987 मध्ये अटारी एसटीवर आलेला डंजन मास्टर हे या घराण्याचे मूळ पुरुष खरे, पण त्यांची चित्रं आणि बटणं आज नव्या माणसाला दमवतात. ग्रिमरॉकनं त्यांचा सांगाडा जसाच्या तसा ठेवला, वर मांस मात्र नवं चढवलं. भिंतींवरचा ओलावा, मशालीची थरथर, दाराआडून येणारा पावलांचा आवाज हे सगळं त्यात आहे.

आधी चालायला शिका

इथली जमीन चौकोनी घरांत विभागलेली आहे, बुद्धिबळाच्या पटासारखी. एक बटण दाबलं की चौघं मिळून एक घर पुढे जातात. अर्ध्या घरावर थांबता येत नाही, तिरकं चालता येत नाही. वळणंही काटकोनातच. डब्ल्यूनं पुढे, एसनं मागे, ए आणि डीनं तोंड न वळवता डावी-उजवीकडे सरकायचं, क्यू आणि ईनं जागच्या जागी वळायचं. नवखे लोक ए-डी विसरून सारखे क्यू-ईनं वळत बसतात आणि तिथेच मार खातात. म्हणून पहिल्या मजल्यावर शत्रू दिसायच्या आधी एखाद्या रिकाम्या खोलीत पाच मिनिटं नुसतं सरकण्याचा सराव करा. भिंतीकडे तोंड ठेवून खोलीची एक पूर्ण फेरी मारता आली, बोटांकडे न बघता, की पुरे.

मान वळवून आजूबाजूला बघायचं असेल तर माऊसचं उजवं बटण दाबून धरा आणि ओढा. ही सवय लवकर लावा. गेमचा निम्मा मजकूर भिंतींवर आहे आणि तो सरळ समोर बघून दिसत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरं पटासारखी असली तरी खेळ आळीपाळीचा नाही. तुम्ही थांबलात तरी राक्षस थांबत नाही. सामानाची पेटी उघडून औषध शोधत असतानाही तो चावतच असतो.

चौघांची निवड

गेम तयार चौकडी देतो. ती चांगली आहे, आणि पहिल्या खेपेला तीच घेऊन उतरलात तरी काही बिघडत नाही. पण स्वतः चौघं घडवण्यात वेगळी मजा आहे, आणि ती घडवताना पुढच्या वीसेक तासांचा विचार करावा लागतो.

चौघं दोन-दोनच्या दोन रांगांत उभे राहतात. समोरून येणारा घाव पुढच्या दोघांना बसतो. मागच्या दोघांना सुरीनं किंवा कुऱ्हाडीनं समोरच्यापर्यंत पोहोचता येत नाही. त्यामुळे पुढे दणकट माणसं आणि मागे लांबून मारणारी, ही मांडणी आपोआप ठरते. पेशे तीन आहेत: लढवय्या, चोर आणि जादूगार. वंश चार आहेत: माणूस, मिनोटॉर म्हणजे बैलतोंड्या, सरडमानव आणि कीटकमानव.

माझी शिफारस अशी. पुढे दोन लढवय्ये, त्यातला एक मिनोटॉर. त्याची ताकद अफाट असते. शिवाय त्याला 'हेड हंटर' हा खास गुण दिला तर जवळ कवट्या असल्या की तो आणखी जोरात मारतो, म्हणून वाटेत सापडणारी कवटी निरुपयोगी म्हणून टाकून देऊ नका. मागे एक सरडमानव चोर, फेकायच्या शस्त्रांवर किंवा धनुष्यबाणावर भर देणारा. त्याच्या शेजारी कीटकमानव जादूगार. स्वभावातच ठरलेले काही खास गुणही निवडायचे असतात. काय घ्यावं सुचत नसेल तर सुरुवातीलाच जास्तीचे स्किल पॉइंट देणारा 'स्किल्ड' हा गुण घ्या. तो कुणालाही चालतो.

लेव्हल वाढली की प्रत्येकाला चार स्किल पॉइंट मिळतात. ते चार ठिकाणी वाटायचा मोह होतो. तो टाळाच. प्रत्येक कौशल्य 50 पर्यंत जातं आणि वाटेत ठरावीक टप्प्यांवर नव्या क्षमता उघडतात. थोडी तलवार, थोडी कुऱ्हाड, थोडी गदा असा लढवय्या सातव्या-आठव्या मजल्यावर हताश होतो. एक शस्त्र धरा आणि त्यातच पॉइंट घालत राहा. जोडीला थोडं चिलखताचं कौशल्य असू द्या. जादूगारालाही हेच लागू आहे: अग्नी, हिम, वायू, पृथ्वी यांपैकी एकावर खरा भर हवा.

अवघडपणाच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्यांदा मधली घ्या. सोप्या पातळीवर राक्षस इतके सहज मरतात की खाली सांगितलेली लढण्याची रीत शिकायची गरजच वाटत नाही, आणि मग या गेमची खरी गंमत हातून निसटते.

पहिला मजला: भिंती वाचा

खड्ड्यातून पडल्यावर चौघं ज्या अंधाऱ्या जागी उठतात, तिथून घाईनं पळू नका. जे दिसेल ते उचला. भिंतीतली मशाल काढून कुणाच्या तरी हातात द्या. दगड दिसला की घ्या, एक नव्हे, मिळतील तितके. सुरुवातीला मागच्या रांगेतल्या चोराचं तेच शस्त्र असतं. फेकलेला दगड जमिनीवर पडतो, लढाई संपल्यावर परत उचलता येतो.

मग भिंती बघायला लागा. या गेममधली गुपितं बहुतेक वेळा एका छोट्या बटणामागे असतात. ते बटण भिंतीतल्या एका विटेएवढं, दगडाच्याच रंगाचं असतं. मशालीच्या उजेडात ते किंचित वेगळं दिसतं, सावली थोडी वेगळी पडते. प्रत्येक लांब बोळाच्या शेवटी, प्रत्येक बंद वाटेवर, आणि जिथे खोली विनाकारण एका बाजूनं छोटी वाटते तिथे थांबून भिंतीवर नजर फिरवा. टॅब दाबून नकाशा उघडा. चारी बाजूंनी वाटा असून मधोमध दोन-तीन घरांची कोरी जागा दिसत असेल, तर तिथे काहीतरी दडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. नकाशावर स्वतःच्या हातानं टिपणं लिहिता येतात. 'इथे कुलूप, चावी नाही' एवढं लिहून ठेवलंत तरी दोन मजल्यांनंतर त्याचं मोल कळतं.

भिंतीवर कोरलेली वाक्यं आणि जमिनीवर पडलेली चिठोरी कधीच सोडू नका. तुमच्याआधी टूरम नावाचा एक कैदी याच वाटेनं गेला आहे, आणि त्याच्या चिठ्ठ्या ठिकठिकाणी सापडतात. त्यातल्या कुठल्या ओळीत गोष्ट आहे आणि कुठल्या ओळीत कोड्याचं उत्तर, हे सुरुवातीला ओळखू येत नाही. म्हणून सगळ्याच वाचायच्या.

आता एक कोडं जवळून पाहू, कारण याच साच्याची कोडी पुढे शेवटपर्यंत भेटतात. जमिनीत एक चौकोनी फरशी थोडी वर आलेली दिसते. तिच्यावर पाय पडला की ती दबते आणि समोरचा जाळीचा दरवाजा वर जातो. पुढे गेलात की फरशी परत वर येते, दरवाजा धाडकन बंद. म्हणजे फरशीवर वजन राहायला हवं. पेटीतून एक दगड काढा, फरशीवर ठेवा, दरवाजा उघडाच राहतो. इथवर सोपं आहे. थोडं पुढे अशीच फरशी एका खड्ड्याच्या पलीकडे असते. तिथे पोहोचता येत नाही. पण वस्तू माऊसनं उचलून पडद्याच्या खालच्या भागात सोडली तर ती पायाशी पडते, आणि वरच्या भागात सोडली तर ती लांब फेकली जाते. खड्ड्यासमोर सरळ रेषेत उभे राहा, दगड वरच्या बाजूला नेऊन क्लिक करा. तो खड्डा ओलांडून पलीकडे पडतो, फरशी दबते, कुठेतरी दार सरकल्याचा आवाज येतो. असा आवाज आला की लगेच धावू नका. तो कुठल्या दिशेनं आला ते ऐका.

खड्ड्यांबद्दलही एक सांगायला हवं. खड्ड्यात पडलं की इजा होते आणि तुम्ही खालच्या मजल्यावर पोहोचता. पण प्रत्येक खड्डा शत्रू नाही. काही खोल्यांत दुसऱ्या कुठल्याच वाटेनं जाता येत नाही, वरून पडूनच जावं लागतं. सेव्ह करा आणि एकदा उडी मारून बघा.

लढाईत सरकत राहा

हा भाग नीट वाचा. ग्रिमरॉक अशक्य अवघड आहे म्हणून सोडून देणारे बहुतेक जण राक्षसासमोर एका जागी उभे राहून मारामारी करत असतात. तसं केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापुढे जाणं कठीणच.

मारायची रीत अशी: आपल्यातल्या ज्यानं वार करायचा त्याच्या हातातल्या शस्त्रावर उजवं क्लिक. एकदा वार केला की ते शस्त्र थोडा वेळ मंद होतं, तोवर पुन्हा वार करता येत नाही. हा मधला वेळच महत्त्वाचा. तो उभं राहण्यात घालवायचा नाही, सरकण्यात घालवायचा.

जुने खेळाडू याला चौकोनी नाच म्हणतात. चार घरांची मोकळी जागा लागते, दोन बाय दोन. समजा तुम्ही खालच्या डाव्या घरात आहात, तोंड वर, आणि राक्षस वरच्या डाव्या घरात, म्हणजे बरोबर समोर. चौघांचे वार करून घ्या. लगेच डी दाबा. तुम्ही खालच्या उजव्या घरात आलात आणि राक्षस आता तिरका आहे. तिरक्या घरातून त्याला मारता येत नाही. त्याला तुमच्यापर्यंत यायला एक घर हलावंच लागतं. तो वरच्या उजव्या घरात आला तर तुमच्या समोर येतो, आणि तुमच्याकडे वळेपर्यंत तुमचे वार पुन्हा तयार झालेले असतात. मारा, ए दाबून परत डावीकडे सरका. आणि तो खालच्या डाव्या घरात आला, तर तो तुमच्या डाव्या हाताला आहे. क्यू दाबून वळा, मारा, मग डी दाबा म्हणजे वरच्या उजव्या घरात जाल. पुन्हा तो तिरका. असंच चालू ठेवायचं.

हे शिकायला पहिल्या मजल्यांवरच्या मोठ्या गोगलगायी उत्तम. त्या संथ असतात, आणि मेल्यावर त्यांचं मांस मिळतं. आधी गोगलगायीवर हात बसू द्या, मग बाकीच्यांकडे वळा.

ही रीत कुठे चालत नाही तेही लक्षात ठेवा. अरुंद बोळात सरकायला जागाच नसते, म्हणून बोळात गाठ पडली की मागे मागे जात मोकळ्या खोलीत या. नवीन मजल्यावर उतरलात की जवळची मोकळी जागा आधी हेरून ठेवा. हाडांचे सांगाडे कधीकधी घोळक्यानं येतात, एकाच घरात चौघं. त्यांच्यासमोर उभं राहायचंच नाही. धिप्पाड ऑगर सरळ रेषेत लांबून धावत येऊन धडक देतो, त्यामुळे त्याच्या समोरच्या लांब बोळात थांबू नका, कोपऱ्याआड उभे राहा आणि तो वळला की मारा. कोळ्यांच्या दंशात विष असतं. त्यांच्या मजल्यावर उतरताना विषावरचं औषध हाताशी हवं.

मागून कुणी आलं तर मागची रांग पुढची होते. जादूगाराच्या पाठीवर घाव बसायला लागले की गडबडीत वळायचं लक्षात येत नाही. पाठीमागून आवाज आला की आधी वळा, विचार नंतर. एखादा फारच जखमी झाला असेल तर त्याचं चित्र ओढून मागच्या रांगेतल्याशी अदलाबदल करता येते, लढाई चालू असतानाही.

मंत्र बोटांनी काढायचे

ग्रिमरॉकमधली जादू यादीतून निवडायची नसते. जादूगाराच्या रिकाम्या हातावर किंवा काठीवर उजवं क्लिक केलं की नऊ चिन्हांची एक चौकट उघडते, तीन बाय तीन. हवी ती चिन्हं दाबायची आणि मंत्र सोडायचा. डंजन मास्टरनं चिन्हांतून मंत्र जुळवायची ही पद्धत 1987 मध्ये आणली आणि तिची गोडी अजून कमी झालेली नाही.

अग्नीचं एकटं चिन्ह दाबलं की समोरच्या घरात ज्वाळा भडकते. हा पहिला मंत्र आणि बराच काळ पुरणारा. पुढे वाटेत गुंडाळ्या सापडतात, त्यांवर मंत्रांची चिन्हं काढलेली असतात. यातली सुंदर गोष्ट अशी की गुंडाळी मंत्र शिकवत नाही, फक्त चिन्हांची जुळणी सांगते. जुळणी ठाऊक असेल आणि कौशल्य पुरेसं असेल तर गुंडाळी सापडायच्या आधीच तो मंत्र म्हणता येतो. दुसऱ्या खेपेला खेळताना याचा फार फायदा होतो. चौकट लढाईआधीच उघडून चिन्हं दाबून तयार ठेवायची सवय लावा, कारण राक्षस अंगावर असताना बोटं चुकतात.

पोट, उजेड, ओझं

झोपून जखमा भरतात आणि शक्ती परत येते, पण वेळ जातो तशी भूक वाढते, आणि उपाशी माणूस नीट सावरत नाही. बैलतोंड्याला तर खायला जास्तच लागतं. प्रत्येक छोट्या चकमकीनंतर झोपू नका. हवेत तरंगणारा निळा स्फटिक दिसला की त्याची जागा नकाशावर टिपून ठेवा. त्याला हात लावला की चौघंही बरे होतात, मेलेला माणूसही उठतो. एकदा वापरल्यावर पुन्हा उजळायला त्याला वेळ लागतो. दमलेली चौकडी घेऊन त्याच्याकडे परत जाणं हे अन्न वाचवण्याचं सर्वांत सोपं साधन आहे.

मशाली जळून संपतात. एकाच्या हातात पेटती, पेटीत एक-दोन जादा. पुढे जादूगाराला उजेडाचा मंत्र जमू लागला की हात मोकळा होतो.

ओझं सारखं वाटून घ्या. एकाकडे जास्त झालं तर सगळी चौकडी रखडते. पोती सापडली की औषधी वनस्पती आणि रिकाम्या कुप्या त्यात भरा. खलबत्ता मिळाल्यावर त्यातूनच औषधं बनतात. रिकामी कुपी फेकून देऊ नका.

आणि सेव्ह. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा न करता निदान तीन-चार वेगवेगळ्या सेव्ह ठेवा, मजल्यागणिक एक.

अडकलात तर

अडकालच. कोडी प्रामाणिक आहेत, पण सोपी नाहीत. इंटरनेटवर प्रत्येक कोड्याचं उत्तर आहे, आणि ते लगेच बघू नका असं मी आग्रहानं सांगेन. या गेममध्ये वाटेत गोष्ट फारशी नाही, पात्रं बोलत नाहीत, दुकानं नाहीत. कोडं सुटल्यावर दार सरकतं तो क्षण हाच इथला आनंद आहे. उत्तर वाचून दार उघडलं तर हाती फक्त एक उघडं दार राहतं. त्याऐवजी त्या खोलीतलं भिंतीवरचं वाक्य शब्दशः पुन्हा वाचा. खोलीत किती वस्तू एकसारख्या आहेत ते मोजा. जे दार उघडत नाही ते सोडून नकाशातला न पाहिलेला कोपरा गाठा. तरीही नाही जमलं तर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बसा. रात्री न सुटलेलं कोडं सकाळी सुटतं, हे अनेकांच्या अनुभवाचं आहे. गुपितांपैकी सगळी सापडायलाच हवीत असं नाही. शेवटपर्यंत जायला त्यांची गरज पडत नाही.

कागदावरचा नकाशा

एकदा गेम संपवलात आणि भूक शिल्लक असेल तर दोन वाटा आहेत. ऑक्टोबर 2014 मध्ये आलेला दुसरा भाग एका बेटावर घडतो. त्यात उघडं आकाश आहे, जंगल आहे, समुद्र आहे आणि नवे पेशेही आहेत. लढून नव्हे तर खाऊन वाढणारा शेतकरी हा त्यांतला सर्वांत लाघवी. शिवाय पहिल्या भागासोबतच भुयार बांधायचं साधन मिळतं, आणि जगभरच्या खेळाडूंनी त्यात बांधलेली भुयारं स्टीमवर फुकट आहेत.

दुसरी वाट मला जास्त प्रिय आहे. नवा खेळ सुरू करताना 'ओल्ड स्कूल' पर्यायावर खूण करा. मग टॅबवरचा नकाशा बंद होतो आणि तो तुम्हाला स्वतः काढावा लागतो, जसा आय ऑफ द बिहोल्डर खेळणारे 1991 मध्ये काढत. शाळेच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा आलेख कागद घ्या. प्रत्येक मजला 32 बाय 32 घरांचा असतो. अर्ध्या सेंटिमीटरला एक घर धरलं तर 16 सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. पण तुम्ही मजल्याच्या कुठल्या भागात उतरलात हे आधी कळत नाही, म्हणून कागदाच्या मधोमध सुरुवात करा आणि जोडायला दुसरा कागद जवळ ठेवा. पेनानं नको, पेन्सिलनं काढा. भिंतीला जाड रेघ, दाराला दोन बारीक, खड्ड्याला काळं घर, कुलपाला छोटा गोल, आणि संशयास्पद भिंतीला प्रश्नचिन्ह. वळताना कागदही वळवायचा मोह होतो. तो वळवू नका, उत्तर दिशा नेहमी वरच ठेवा.